पार्श्वभूमी : सेव्हर्न नदीवरचा लोखंडी पूल

इंग्लंडला मुलांकडे गेलेले पुणेकर बर्मिंगहॅमहून आयर्नब्रिजला फेरी मारून येतात. पूल पाच मिनिटांत ओलांडून होतो. तो तिथेच का झाला हे ठाऊक असेल, तर मात्र पाय निघत नाही.

सुरुवात 1709ची. पुलाजवळच्याच कोलब्रुकडेलच्या भट्टीत अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड गाळले. जंगलतोडीवरचे अवलंबन सुटले आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, स्वस्त होत गेले. त्याच्या नातवाच्या, म्हणजे तिसऱ्या अब्राहम डार्बीच्या काळात सेव्हर्नवर पूल हवा झाला. दरी खोल, काठ खचणारे, खालून मालाच्या बोटी सतत जाणार. पात्रात खांब नकोच. वास्तुविशारद थॉमस प्रिचर्डने बिडाच्या एकाच कमानीचा आराखडा दिला, पण 1777मध्ये तो वारला. काम डार्बीने तडीस नेले. 1779च्या उन्हाळ्यात सुमारे 30 मीटरची कमान उभी राहिली आणि 1 जानेवारी 1781ला पूल खुला झाला.

गेलात तर सांधे आवर्जून बघा. एवढा मोठा लोखंडी पूल तोवर कोणी बांधलाच नव्हता, म्हणून कारागिरांनी हाताशी होती ती सुतारकीच वापरली: कुसू, खाच, पाचर. सुमारे 380 टन बीड लाकडासारखे जोडलेले आहे! मला तरी या पुलाचे सगळ्यात मोठे वैभव हेच वाटते.

त्याच 1779च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी वडगाव मावळात कोंडून तह करायला लावला होता. तो विजय आपल्याला तोंडपाठ असतो. त्याच वर्षी त्यांच्या देशात भट्ट्यांमधून काय घडत होते, हे मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही. पुढे ऐंशी वर्षांच्या आत, 1858मध्ये, खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली. 1863मध्ये बोरघाटही जोडला गेला. रूळ विलायतेतूनच आले होते.

1795च्या महापुरात सेव्हर्नवरच्या अनेक पुलांची हानी झाली, हा टिकला. डार्बीला मात्र तो फार महाग पडला. सुमारे 3,200 पौंडांचा अंदाज 6,000च्या वर गेला आणि 1789मध्ये मरेपर्यंत तो कर्जातच राहिला. पैसा खाजगी भागधारकांचा, म्हणून टोलच्या फलकावर सूट कोणालाच नव्हती. सैनिक, टपालगाडी, अगदी राजघराण्यानेही पैसे भरावेत, असे त्यावर लिहिले आहे. 1934मध्ये वाहने बंद झाली, तरी पायी जाणाऱ्यांकडून टोल 1950पर्यंत घेतला जात होता.