चढ तोच, दम वेगळा

ठाण्यात सकाळी सहाच्या सुमारास उपवनहून येऊरच्या डोंगराच्या दिशेने निघालात तर चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचे गट भराभर चालताना दिसतील. यांच्यापैकी एखादीच्या हृदयात काही बिघडत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, तिच्या स्वतःच्या तर नाहीच. नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका नक्कीच कमी होतो, पण तो शून्यावर येत नाही. शिवाय अंगात ताकद असलेली बाई दुखणं जास्त दिवस अंगावर काढू शकते, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

समजा, अशी एक बाई रोज अख्खा चढ गप्पा मारत चढते. हल्ली मात्र ती अर्ध्या वाटेवर बुटाची नाडी बांधायला वाकते. नाडी सुटलेली नसते. ती गप्प असते, एक हात गुडघ्यावर, जबड्यापाशी काहीतरी आवळल्यासारखं. मैत्रिणीने विचारलं तर म्हणते, ‘पित्त झालंय गं, रात्री उशिरा जेवले.’ दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं आणि ती पुढे निघते.

थांबल्यावर बरं वाटणं हीच यातली सर्वात महत्त्वाची खूण आहे. आपले हातापायाचे स्नायू विश्रांतीत रक्तातला थोडाच ऑक्सिजन घेतात, बाकीचा शिलकीत राहतो. हृदयाच्या स्नायूची गोष्ट निराळी. तो बसल्या जागीही येणाऱ्या रक्तातला 70 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे चढावर गरज वाढली की त्याच्यापुढे जवळपास एकच मार्ग उरतो, रक्ताचा पुरवठा वाढवणं. निरोगी धमन्या तो चार-पाच पटींपर्यंत वाढवू शकतात. धमनीतली वाट अरुंद झालेली असेल तर घरी बसल्यावर काहीच जाणवत नाही, चढावर मात्र तूट पडते. थांबलं की मागणी उतरते आणि त्रासही जातो. जेवणानंतरचं पित्त चढ आणि सपाट रस्ता यांत असा फरक करत नाही.

जबडा, पाठीचा वरचा भाग, खांदा का दुखावा? हृदयाकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जिथे शिरतात, तिथेच या भागांच्या नसाही येऊन मिळतात. मेंदूला नेमकं ठिकाण कळत नाही. म्हणून बाई आधी दातांच्या डॉक्टरकडे जाते, नाहीतर पाठीला मलम चोळून घेते.

अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 515 स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे 70 टक्के स्त्रियांना महिनाभर आधीपासून कधी नव्हे असा थकवा जाणवत होता, जवळपास निम्म्यांची झोप बिघडली होती आणि 42 टक्के स्त्रियांना धाप लागत होती. प्रत्यक्ष अटॅकच्या वेळी 43 टक्के जणींच्या छातीत दुखलंच नाही. याचा अर्थ छातीतलं दुखणं स्त्रियांना होत नाही असा मात्र घेऊ नका. तेही नेहमीचंच लक्षण आहे. फक्त पुष्कळदा ते कळ म्हणून न येता जडपणा, दाब, भरून आल्यासारखं वाटणं अशा रूपात येतं.

थकवा कुणाला नसतो? नोकरी, लोकलचा प्रवास, घरचं सगळं, त्यात पाळी जाण्याचं वय. म्हणून दुसऱ्या कुणाशी तुलना करू नका, स्वतःच्याच महिन्यापूर्वीच्या दमाशी करा. तोच चढ, स्टेशनचा तोच जिना, तीच पिशवी, आणि आता थांबावं लागतंय? मग डॉक्टरांकडे जा आणि ‘थकवा येतो’ एवढंच सांगू नका. किती चढल्यावर होतं, किती वेळात थांबतं, पूर्वी कसं होतं ते सांगा. गरोदरपणात बीपी वाढलं होतं किंवा साखर वाढली होती का, हेही सांगा. मुलं कॉलेजात गेली तरी त्या जुन्या त्रासाचा हृदयाच्या धोक्याशी संबंध उरतो, आणि तो प्रश्न तपासणीत अनेकदा विचारलाच जात नाही.

झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तर सुटलो असं समजण्याची घाई नको. तूट चढावर पडते, ईसीजी पलंगावर निघतो. स्ट्रेस टेस्टची, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेल्या तपासणीची, गरज आहे का ते विचारा. अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या एक्स-रे चित्रात, मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या तरीही कधीकधी दोष त्यांच्या पुढच्या बारीक रक्तवाहिन्यांत असतो. त्या गरजेनुसार रुंदावत नाहीत, आणि त्या चित्रात दिसतही नाहीत. हा प्रकार स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. तक्रार चालूच असेल तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर परत येऊ नका.

आणि त्रास बसल्या जागी सुरू झाला, थांबूनही पाच-दहा मिनिटांत ओसरला नाही, दरदरून घाम फुटला, मळमळलं, जीव घाबरा झाला, तर डबा, मुलांची शाळा, ऑफिस सगळं बाजूला ठेवा. स्वतः स्कूटर काढू नका. 108 ला फोन करा. हॉस्पिटलात पोचल्यावर पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. नाही निघाला तर सोबतच्या माणसाने काउंटरवर जाऊन ‘हृदयाचा त्रास वाटतोय, ईसीजी काढा’ असं स्पष्ट सांगावं.