श्रीलंकेत बौद्ध अध्ययनासाठी अर्ज करताय? तो कुठे अडतो ते आधी वाचा

पाली शिकायला मराठी माणसानं श्रीलंकेला जाण्याची वाट जुनी आहे. गोव्याचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या विद्यालयात, जाऊन राहिले. आज बरेच जण केलानिया विद्यापीठाच्या कोलंबोतल्या पाली व बौद्ध अध्ययन पदव्युत्तर संस्थेकडे वळतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत पदविका, एम.ए., एम.फिल. आणि पीएच.डी. इंग्रजी माध्यमातूनही करता येते. वर्गात व्हिएतनाम, म्यानमार, बांगलादेशचे भिक्खू आणि आपल्यासारखे गृहस्थ उपासक शेजारी बसतात. अभ्यासात आपली मुलं कमी पडत नाहीत. अर्ज परत येतात ते कागदांमुळे.

पात्रतेचं थोडक्यात: मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी. पदवीला पाली किंवा बौद्ध अध्ययन हा विषय नसेल तर सहसा आधी पदविका करून मग एम.ए.कडे जावं लागतं. अर्ज, फोटो, गुणपत्रिका, पासपोर्टची प्रत, शिफारसपत्रं, संशोधनासाठी आराखडा हे सगळं नेहमीचंच आहे. परदेशी विद्यार्थ्यांची फी वेगळी असते, तेव्हा स्थानिक विद्यार्थ्यांची फी पाहून हिशेब मांडू नका.

आता खरी अडचण, नाव. गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब. लग्न झालेल्या मुलींची पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. आपल्याला हे एकच माणूस वाटतं, कोलंबोत फाईल पाहणाऱ्याला दोन दिसतात. भिक्खूंची गोष्ट याहून कठीण. दहावीची सनद गृहस्थ नावाची, विहारात ओळख दीक्षेनंतरच्या धम्मनावाची, आणि दोन्ही जोडणारा कागद कुणाकडेच नाही. नुसतं प्रतिज्ञापत्र करून भागेल असं कोर्टाबाहेरचा टायपिस्ट सांगतो, त्यावर विसंबू नका. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची सूचना छापून घ्या. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. त्या राजपत्राच्या आधारे आधार आणि पासपोर्ट दुरुस्त करा, आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरा. हा क्रम उलटा केला की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. भन्तेंनी (भिक्खूंनी) उपाध्यायांच्या, म्हणजे दीक्षा देणाऱ्या गुरूंच्या, सहीचं प्रव्रज्या (श्रामणेर दीक्षा) किंवा उपसंपदेचं (पूर्ण भिक्खू दीक्षा) प्रमाणपत्रही जवळ ठेवावं. आपल्याकडे कित्येक विहारांत ते लेखी देण्याची पद्धतच नाही. दीक्षेच्या वेळीच मागून घ्या. उपाध्याय वारले की तो कागद मिळवणं फार अवघड होतं.

दुसरा अडथळा इंग्रजीचा. बी.ए. मराठी माध्यमातून झालं असेल तर कॉलेज ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं लिहून देणार नाही, आणि देऊही नये. संस्थेला ई-मेल करून विचारा की भाषेसाठी कोणता पुरावा चालेल. उत्तर लेखी घ्या. परीक्षा द्यायची ठरली तर तयारीला काही महिने हातात ठेवा.

शिष्यवृत्तीबद्दल फार गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असलेल्या विद्यापीठांसाठी. केलानिया त्यात बसत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास वगळले. बौद्ध अध्ययन करू पाहणाऱ्या मुलांवर हा उघड अन्याय आहे, आणि समाजकल्याणच्या खिडकीवर तो कुणी समजावूनही सांगत नाही. मुलं जात प्रमाणपत्र, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला गोळा करत वर्ष घालवतात. त्याऐवजी सुरुवातीलाच खर्चाची दुसरी सोय पाहा.

पदवीच्या कागदांचं साक्षांकन राज्याकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं. अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, हेग करारातल्या देशांपुरता असतो. करारात नसलेल्या देशासाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीत जावं लागतं, श्रीलंकेचं वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. एजंटला पैसे मोजण्याआधी नेमकं काय लागतं ते संस्थेला विचारा.

तारखा. जाहिरातीतली अंतिम तारीख म्हणजे कागद तिथे पोहोचण्याची तारीख धरा, पोस्टात टाकण्याची नव्हे. आणि पौर्णिमा लक्षात ठेवा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोयाची सार्वजनिक सुट्टी असते, एप्रिलच्या मध्यात सिंहली-तमिळ नववर्ष येतं. त्या दिवसांत ई-मेलला उत्तर नाही आलं तर घाबरून दुसरा अर्ज पाठवू नका, एकाच नावाचे दोन अर्ज पाहून गोंधळ वाढतो.

पर्यटकांच्या ई-व्हिसावर जाऊन तिथे प्रवेश घेऊ, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. शिक्षणासाठी संस्थेच्या शिफारशीवर निवासी व्हिसा लागतो, आणि त्याची मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी लागते.

निघण्याआधी एक शेवटचं काम. परत येऊन प्राध्यापक व्हायचं असेल तर परदेशी पदवीची समकक्षता, म्हणजे ती भारतीय पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता, लागते. २०२५ च्या नियमांनुसार ती विद्यापीठ अनुदान आयोग देतो. एक वर्षाचं एम.ए. निवडताना हे आधी तपासा, शक्यतो दोन वर्षांचा पर्याय घ्या. आणि दर सत्राची गुणपत्रिका, फीची पावती, पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के यांच्या प्रती तिथे असतानाच एका फाईलमध्ये लावत जा.