मातृभाषेचा रकाना: मुंबईच्या शाळा परभाषक आणि स्थलांतरित मुलं कशी मोजत आल्या

मुंबईत मुलाला शाळेत घालताना पालक जो अर्ज भरतात, त्यात नाव, जन्मतारीख, धर्म, जात यांच्या रांगेत मातृभाषेचाही एक रकाना असतो. तिथे लिहिलेलं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये उतरतं, तिथून शासनाच्या पोर्टलवर जातं आणि मूल शाळा सोडतं तेव्हा दाखल्यावर छापून येतं. जन्मस्थळापुढे गाव, तालुका, जिल्हा, राज्य हेही लिहावं लागतं. म्हणजे कोणतं मूल कुठून आलं आणि घरी काय बोलतं, हे निदान कागदोपत्री शाळेला ठाऊक असतं. पण ‘तुमच्या वर्गात शिकवण्याची भाषाच न कळणारी मुलं किती?’ असं मुख्याध्यापकांना विचारलं, तर त्याचं उत्तर कुठल्याच रजिस्टरात सापडत नाही. माहिती गोळा होते, पण ती वेगळ्याच कामासाठी. ते काम कोणतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबईत शाळांना मुलाची भाषा शोधून काढावी लागतच नव्हती. मूल कोणत्या वस्तीत राहतं यावरून ती कळायची. कामाठीपुऱ्यात तेलुगू, धारावीत तमिळ, भुलेश्वर-काळबादेवीत गुजराती, मदनपुऱ्यात उर्दू आणि गिरणगावात कोकण-घाटावरची मराठी. ज्या समाजाच्या हाती चार पैसे आले त्याने आपली शाळा काढली. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ची, माटुंग्याकडची साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ची. १९२०च्या मुंबई शहर प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर प्राथमिक शिक्षणाचा भार पालिकेवर आणखी वाढला, आणि पालिकेनेही तीच रीत उचलली. वस्ती पाहायची आणि त्या भाषेची शाळा काढायची. आज पालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शिकवते. देशातल्या फार थोड्या महापालिका एवढा पसारा सांभाळतात. या रीतीचं एक गृहीतक होतं: एका भाषेचे लोक एके ठिकाणी राहतील आणि तिथेच टिकतील.

फाळणीने या गृहीतकाला पहिला धक्का दिला. सिंधी कुटुंबं हजारोंनी आली आणि चेंबूर, शीव-कोळीवाडा, मुलुंड, पलीकडे कल्याणच्या छावण्यांत उतरली. (कल्याणच्या छावणीचंच पुढे उल्हासनगर झालं.) या मुलांमागे त्यांचा प्रांतच उरला नव्हता आणि सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, जागा मिळायला १९६७ उजाडलं. त्यांच्या लिपीचा वाद, अरबी की देवनागरी, शाळेच्या दारापर्यंत आला. तरी उपाय जुनाच निघाला, समाजाने आपल्या संस्था आणि शाळा उभ्या केल्या.

सरकारी मोजणी खऱ्या अर्थाने सुरू झाली ती ऑगस्ट १९४९मध्ये. त्या महिन्यात प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवलं की प्रादेशिक भाषेपेक्षा वेगळी मातृभाषा असलेली मुलं संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० असतील, तर प्राथमिक टप्प्यावर त्यांना त्यांच्या भाषेत शिकवण्यासाठी शिक्षक द्यायचा. राज्य पुनर्रचनेनंतर १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आणि ३५० ब आली. पहिल्याने प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करणं राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर सोपवलं, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचं पद निर्माण केलं. १९५७मध्ये ते कार्यालय सुरू झालं. १९६१च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत माध्यमिक टप्प्यासाठीही ६० आणि १५ असे आकडे ठरले.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती आगाऊ नोंदवहीची सूचना. शाळेचं वर्ष सुरू होण्याच्या तीन महिने आधी शाळांनी वही उघडावी, भाषिक अल्पसंख्याक पालकांनी मुलाचं नाव आणि हवी असलेली भाषा तिथे नोंदवावी आणि तो आकडा पाहून वर्ग व शिक्षक यांची तजवीज व्हावी. या विशेष अधिकाऱ्याच्या, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या, अहवालांत वर्षानुवर्षं या वहीची आठवण राज्यांना करून दिलेली दिसते. जी गोष्ट सुरळीत चालते तिची आठवण इतक्यांदा करून द्यावी लागत नाही, एवढं त्यावरून समजावं.

मुंबईत या मोजणीला राजकारणाची धार होती. १९५१च्या जनगणनेनुसार शहरात मराठी मातृभाषा असलेले ४४ टक्क्यांच्या आसपास होते आणि राज्य पुनर्रचना आयोगापुढे हाच आकडा दोन्ही बाजूंनी फेकला जात होता. त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्य आलं. त्या राज्यात गुजराती ही राज्याच्या दोन मोठ्या भाषांपैकी एक होती. १ मे १९६०ला सकाळी तेच गिरगावातलं गुजराती मूल, त्याच बाकावर, भाषिक अल्पसंख्याक झालं. मुलाच्या बाबतीत काहीच बदललं नव्हतं, हद्द मात्र बदलली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात हेच तत्त्व पक्कं केलं: अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवायचं. म्हणून महाराष्ट्रात हिंदी भाषकही भाषिक अल्पसंख्याक ठरतात.

पै खटल्यानंतर मात्र मातृभाषेचा रकाना वर्गातून उठला आणि संस्थेच्या कचेरीत जाऊन बसला. भाषिक अल्पसंख्याक दर्जा मुलाला मिळत नाही, संस्थेला मिळतो, आणि तो चालकांच्या मातृभाषेवर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या प्रमती निकालानंतर अशा शाळांना शिक्षण हक्क कायद्याचं बंधनही उरलं नाही, वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के जागाही त्यातच गेल्या. मुलाच्या लेखी त्या रकान्याला भाव येतो तो थेट दहावीनंतर. अकरावीच्या अल्पसंख्याक कोट्यासाठी, पुढे अभियांत्रिकीच्या गुजराती, हिंदी किंवा सिंधी अल्पसंख्याक महाविद्यालयासाठी, दाखल्यावरची मातृभाषा काढून दाखवावी लागते. पहिलीत ज्या ओळीकडे कुणी पाहिलं नाही तिच्यासाठी सोळाव्या वर्षी पालक शाळेत खेटे घालतात.

दुसरी रस्सीखेच राज्यभाषेवरून. मुंबईतल्या गुजराती भाषिक अल्पसंख्याकांनी सक्तीच्या मराठीला आव्हान दिलं होतं. २००४मध्ये उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मराठीची सक्ती वैध ठरवली. २०२०च्या कायद्याने ती सर्व मंडळांच्या शाळांना लागू झाली. माझ्या मते हे योग्यच झालं. इथे वाढणाऱ्या मुलाला इथली भाषा यायला हवी. पण सक्तीचा कायदा विषय लावतो. घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या सहा महिन्यांत मराठीत कसं आणायचं, ते तो शिक्षकाला सांगत नाही.

२०२५मध्ये हिंदीवरून जो गदारोळ झाला त्यातही १९४९चाच हिशेब डोकावला. १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय निघाला, त्यात हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलांनी ती मागायला हवी अशी अट होती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दहाचे वीस झाले होते, एवढंच. पुरेशी डोकी जमली तर भाषा, नाहीतर नाही, हा विचार जसाच्या तसा होता. मुंबईत तर अशी डोकी जमणं कमी होत चाललंय, कारण पालक मराठी, गुजराती, कन्नड सगळ्याच माध्यमांतून मुलं काढून इंग्रजीत घालतायत. ज्या हिशेबाने एकेकाळी वर्ग उघडले त्याच हिशेबाने आता ते बंद होतात आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात.

हा झाला एक धागा. स्थलांतरित मुलांची नोंद हा त्यापासून पूर्ण वेगळा धागा आहे. त्याचा उगम घटनेत किंवा भाषेच्या राजकारणात नाही, तो बांधकामाच्या जागेवर आहे. इमारत उभी राहते तोवर तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या झोपड्यांत कामगारांची कुटुंबं राहतात, स्लॅब संपला की दुसऱ्या साइटवर जातात. वस्ती पाहून शाळा काढायच्या जुन्या रीतीत ही मुलं बसणं शक्य नव्हतं. त्यांच्याकडे आधी वळल्या त्या स्वयंसेवी संस्था. मोबाइल क्रेशेसने साइटवर पाळणाघरं चालवली, १९८८मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डोअरस्टेप स्कूलने शाळाच वस्तीच्या दारात नेली. सरकारी कागदावर ही मुलं अनेक वर्षं फक्त ‘शाळाबाह्य’ होती.

१ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हे बदललं, निदान शब्दांत. कलम ९ने स्थानिक प्राधिकरणावर दोन कामं टाकली: हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं. मुंबईत हे प्राधिकरण म्हणजे महापालिका. जुन्या शाळेचा दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही याच कायद्यात आहे. पाठोपाठ ४ जुलै २०१५ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावत शिक्षक सिग्नल, स्टेशन, झोपडपट्ट्या हिंडले. एकाच दिवसात मुंबईची मोजणी उरकते, हा आत्मविश्वास कुठून आला होता कोण जाणे. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आकडे फार कमी आल्याची तक्रार लगेच केली. त्यानंतर शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणाऱ्या ‘बालरक्षक’ शिक्षकांची चळवळ आली, २०२२मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ आलं.

शिक्षण हमी कार्ड ही यातली खरी कामाची वस्तू. गाव सोडणाऱ्या मुलाला त्याची शाळा हे कार्ड देते, ते पाहून नव्या गावच्या शाळेने त्याला लगेच बसवून घ्यायचं. पण या कार्डामागचं चित्र बीड-धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांचं आहे: जाणारं मूल महाराष्ट्राचं, पोचलं तेही महाराष्ट्रात, आणि हंगाम संपला की परत. मुंबईत मूल येतं ते बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, कलबुर्गीकडून किंवा बंगालमधून. त्याच्या हातात ना हमी कार्ड असतं, ना इथल्या पोर्टलवरचा क्रमांक.

आणि या दोन धाग्यांची गाठ कुठेच पडत नाही. स्थलांतरितांची यादी ठेवणारा मुलाची भाषा विचारत नाही, भाषेचा रकाना भरणारा मूल कालच आलंय की जन्मापासून इथलं आहे हे पाहत नाही. त्यात रकान्यातली भाषाही ढोबळ असते. भोजपुरी, अवधी, मैथिली बोलणारे पालक स्वतःच ‘हिंदी’ सांगतात, नाहीतर कारकून ते लिहून टाकतो. मैथिली २००३पासून आठव्या अनुसूचीत आहे, तिलाही हेच भोग. सोलापूर-विजापूरकडून आलेल्या लमाण मुलाची गोरबोली रजिस्टरात मराठी किंवा कन्नड होऊन बसते. २०११च्या जनगणनेत मुंबईत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे ३६ लाख निघाले, दहा वर्षांपूर्वी ते सुमारे २६ लाख होते. या आकड्यावरून राजकारण भरपूर झालं, पण त्याच्या पोटात किती बोली आहेत, त्यातली किती मुलं हिंदी माध्यमाच्या शाळेतही परकीच असतात, ही चर्चा क्वचितच होते.

पोर्टलांचीही घडण तशीच. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात १९९०च्या दशकात सुरू झालेली ‘डायस’ ही शाळांच्या माहितीची यंत्रणा शाळेची एकूण बेरीज मागायची. २०१२-१३पासून ती युडायस झाली. महाराष्ट्राने २०१५मध्ये ‘सरल’ आणून एकेका मुलाची नोंद सुरू केली, केंद्राच्या युडायस प्लसवर ती २०२२-२३पासून आली. तिथे मातृभाषा आहे, माध्यमही आहे. ‘अल्पसंख्याक’ असाही रकाना आहे, पण तो धर्माचा. भाषिक अल्पसंख्याक मूल कोणतं, हे मातृभाषा आणि माध्यम शेजारी ठेवून ज्याचं त्याने ताडायचं.

अमेरिकेत हेच काम उलट्या टोकाने झालं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या वतीने लढलेल्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये म्हटलं की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. भाषा न कळणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नसतो. त्यातून घरच्या भाषेची प्रश्नावली, मग इंग्रजीची चाचणी, मग मदतीचे वर्ग अशी साखळी बसली. स्थलांतरित मुलाची व्याख्याही कायद्यात आहे: वय ३ ते २१, जन्म अमेरिकेबाहेरचा, आणि तिथल्या शाळेत तीन पूर्ण वर्षं झालेली नाहीत. २००१च्या कायद्याने या मोजणीला निधी जोडला. तिथेही गोंधळ आहेतच. पण मोजलेल्या मुलामागे पैसा येतो, म्हणून शाळा त्याला शोधते.

आपल्याकडे मोजणीमागे शिक्षकाचं पद येतं आणि तिथेच स्थलांतरित मूल अडकतं. परदेशी मुलांचा प्रश्न तर आणखी नाजूक. शिक्षण हक्क कायद्यात ‘प्रत्येक मूल’ असा शब्द आहे, नागरिकत्वाची अट नाही. पण डिसेंबर २०२४मध्ये दिल्ली महापालिकेने बेकायदा बांगलादेशी मुलं ओळखण्याचं काम शाळांवर टाकलं. फेब्रुवारी २०२५मध्ये रोहिंग्या मुलांनी प्रवेशासाठी थेट सरकारी शाळांकडे जावं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अशा हवेत मालाडच्या मालवणीतला किंवा गोवंडीतला बंगाली बोलणारा बाप, भले तो पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातला असो, मातृभाषेच्या रकान्यात काय सांगेल?

पूर्वी ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांची मंजुरी, व्हायची. २०२२-२३पासून त्यासाठी आधार वैध ठरलेलीच मुलं धरली जाऊ लागली. दिवाळीनंतर साइटवर आलेलं, आधारवर नावाचं स्पेलिंग जुळत नसलेलं मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, हजेरीला ‘हजर’ म्हणतं. मुख्याध्यापक त्याला नाकारत नाहीत, कायद्याने नाकारूही शकत नाहीत. पण शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या आकड्यात ते मूल नसतं, आणि त्याला मराठी बोलायला शिकवण्याचं काम त्याच शाळेत आधीच कमी पडलेल्या शिक्षकांपैकी कुणाला तरी करावं लागतं.