आमिश मुलांना शाळा माफ आहे?

‘अमेरिकेत आमिश पंथाच्या मुलांना धर्मामुळे शाळाच माफ आहे,’ असा मेसेज अधूनमधून फिरतो. (आमिश म्हणजे आधुनिक जगापासून दूर, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ.) खरं त्यात थोडंच आहे. विस्कॉन्सिन राज्यात सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. आठवीनंतर मुलांना न पाठवणाऱ्या आमिश पालकांना पाच-पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२च्या निकालाने सूट दिली ती आठवीनंतरच्या शाळेपुरती. तोवर ही मुलं शिकतातच, बरीचशी पंथाच्याच एकखोली शाळांत. शिवाय नुसतं ‘आम्हाला पटत नाही’ हे कारण पुरणार नाही, असंही न्यायालयाने बजावलं. माझ्या मते निकालातला हा भाग जास्त महत्त्वाचा. निकाल इंटरनेटवर मोफत वाचता येतो. सुरुवातीच्या सारांशातच आठवीचा उल्लेख सापडेल.