स्पेशलायझेशन, क्रेडिट आणि आयसीचा तास : एमएसडब्ल्यूच्या वाटांची पार्श्वभूमी

प्रवेशाचे दिवस आले की समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "सर, स्पेशलायझेशन कुठलं घेऊ?" अलीकडे त्याला दुसरा जोडून येतो, "पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबलं तर चालेल का?" पहिला प्रश्न काही पिढ्यांचा आहे, दुसरा अगदी नवा. दोन्हींचं उत्तर मुलांना नीट मिळायला हवं, कारण त्यावर पुढची नोकरी ठरते. पण ते उत्तर द्यायचं कोणी, याची सोय आपल्या अभ्यासक्रमांनी स्वतंत्रपणे कधी केलीच नाही. ती सोय एका वेगळ्याच ठिकाणी होती, फील्डवर्कच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या, आयसीत.

आयसी म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. आठवड्यातून एकदा विद्यार्थी आपली फील्डवर्कची जर्नल घेऊन सुपरवायझरसमोर, म्हणजे त्या कामावर देखरेख करणाऱ्या शिक्षकासमोर, बसतो. वस्तीत कोण भेटलं, काय बोलणं झालं, कुठे गडबडलो, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. समासात लाल शाईत प्रश्न असतात : 'तिने विषय बदलला तेव्हा तुला काय वाटलं?', 'हे तू ठरवलंस की तिने?' या पाऊण-एक तासात मुलगा किंवा मुलगी कशात रमते, कशात थकते, कुठल्या कामात तिची भाषा मोकळी होते, हे सुपरवायझरला कळतं. पुढच्या वाटेचा सल्ला याच टेबलावर दिला गेला. जीसी, म्हणजे गटाची बैठक, त्याला पूरक.

ही पद्धत पहिल्यापासूनची. मुंबईत नागपाड्यातल्या वस्तीकेंद्राच्या कामातून, एका अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने आणि एका उद्योगघराण्याच्या विश्वस्तनिधीतून १९३६ मध्ये पदवीधरांसाठी समाजकार्याची देशातली पहिली शाळा निघाली. शिकवण्याची घडण अमेरिकी होती, त्यामुळे वर्गाइतकंच वजन प्रत्यक्ष कामाला आणि त्यावरच्या देखरेखीला मिळालं. तेव्हा मिळायची ती पदविका. १९६४ मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पदवी तिची स्वतःची झाली. दरम्यान मुंबईत १९५५ ला, नागपुरात १९५८ ला, पुण्यात १९६३ ला आणखी संस्था उभ्या राहिल्या. मग विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात महाविद्यालयं निघाली आणि त्यातून एक खास महाराष्ट्री रचना तयार झाली : पदवी विद्यापीठाची, पण अनुदानित महाविद्यालयांचं वेतन समाजकल्याण खात्याकडून, आजच्या भाषेत सामाजिक न्याय विभागाकडून. अभ्यासक्रम एका दारातून येतो आणि पगार दुसऱ्या. मधल्या गोष्टी, म्हणजे सुपरवायझरकडे किती मुलं असावीत, आयसीचे तास कार्यभारात धरावेत की नाही, दोन्ही दारांच्या मध्ये राहून गेल्या.

आता स्पेशलायझेशन. हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असला तरी त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नोकरी. आपल्याकडची स्पेशलायझेशनं ज्ञानशाखा म्हणून जन्मली नाहीत, ती जागांमागून आली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती देशातली पहिली मानली जाते. वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्याची शाखा, मुलांच्या भाषेत 'एमपीएसडब्ल्यू', अशा नेमणुकांच्या आधाराने वाढली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि कामगार कल्याणाच्या शाखेला मागणी आली. पुढे तीच पर्सोनेल, मग एचआर झाली. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखाने जोरात असताना मुलांची पहिली पसंती हीच असायची. कुटुंब व बालकल्याण आणि शहरी-ग्रामीण समुदाय विकास या शाखांना सरकारी योजनांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी जागा दिल्या. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्यातलं सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करण्याचं, कलम लागू झालं आणि समुदाय विकासवाल्या मुलांना एचआरच्याच इमारतीत वेगळ्या टेबलावर काम मिळू लागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. जाहिरातीत कधी 'समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी' एवढंच असतं, कधी कंसात शाखा असते. शासकीय रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदासाठी अर्ज करायचा तर गुणपत्रिकेवर काय छापलंय, याकडे उमेदवाराचं आधी लक्ष जातं. त्यात पदवीच्या नावाचाही घोळ. मुंबईची ती पहिली संस्था 'एमए (समाजकार्य)' देते आणि राज्यातली बहुतेक विद्यापीठं 'एमएसडब्ल्यू'. अभ्यास तोच आणि दर्जाही तोच, तरी कागदपत्रं तपासणाऱ्या कारकुनापुढे दोन नावं आली की मुलांना समकक्षतेचं पत्र मिळवण्यासाठी पळावं लागतं. एमए समाजशास्त्र आणि एमए समाजकार्य एकच समजणारे तर अजून भेटतात.

तिसरी गोष्ट म्हणजे शिक्षण, आणि खरा वाद इथेच आहे : शाखा निवडायची केव्हा, की निवडायचीच नाही? एक मत म्हणतं, समाजकार्य एकसंध आहे. माणूस, त्याचं घर, त्याची वस्ती वेगळी काढता येत नाहीत, म्हणून दोन्ही वर्षं सर्वांना सारखं शिकवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने या शिक्षणाचा आढावा घेण्यासाठी साठच्या दशकात आणि नंतर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात समित्या नेमल्या. दुसऱ्या समितीचा अहवाल १९८० चा. त्यात भर होता दारिद्र्यावर आणि विकासावर, दवाखान्याच्या खोलीपुरत्या कामावर नाही. त्या वाऱ्याने एकसंध मताला बळ मिळालं. दुसरं मत म्हणतं, सगळं थोडंथोडं येणारा माणूस मनोरुग्णालयात किंवा बालगृहात पहिल्याच दिवशी हतबल होतो. २००६ मध्ये मुंबईच्या त्याच पहिल्या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमाची मोठी फेररचना केली. सत्र आणि क्रेडिट (अभ्यासाचे तास मोजायचं एकक) पद्धत आली आणि समाजकार्याच्या एका पदवीतून बालक व कुटुंब, गुन्हेशास्त्र व न्याय, दलित व आदिवासी अभ्यास, अपंगत्व, मानसिक आरोग्य, समुदाय संघटन अशा अनेक वाटा फुटल्या. त्यासोबत एक बदल असा आला की वाट प्रवेशअर्जातच निवडायची.

माझ्या मते हा निर्णय जिथे जिथे घेतला गेला, तिथे मुलांचं नुकसान झालं. विषय खोल शिकवण्यासाठी वाट वेगळी हवी, हे मान्य. पण बावीसाव्या वर्षी, बीए किंवा बीकॉम करून आलेल्या मुलाने फील्डवर एक पाऊल टाकण्याआधी 'गुन्हेशास्त्र' की 'मानसिक आरोग्य' यावर खूण करायची, ती कशाच्या जोरावर? मोठ्या भावाने सांगितलं, मैत्रिणीने तेच घेतलं, एचआरला पगार जास्त, याच आधारावर. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत पहिलं वर्ष सामायिक आणि शाखा दुसऱ्या वर्षी, ही जुनी रीत टिकली, ती या अर्थाने शहाणी आहे.

माझ्याकडे आयसीला येणारी एक विद्यार्थिनी एचआर घ्यायचं पक्कं करून आली होती. पहिल्या वर्षी तिला क्षयरोग विभागात फील्डवर्क लागलं. ती नाराज होती, पहिल्या महिन्याच्या जर्नलमध्ये नुसत्या हजेरीच्या नोंदी. ऑक्टोबरमध्ये एक नोंद साडेचार पानांची आली. औषध मध्येच सोडलेल्या एका रिक्षावाल्याच्या घरी ती तीनदा जाऊन आली होती. गोळ्या घेतल्या की दिवसभर मळमळायचं आणि रिक्षा चालवता येत नव्हती, हे त्याने दवाखान्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या भेटीत त्याच्या बायकोने चहा दिला आणि तो बोलता झाला. मी समासात एवढंच लिहिलं, 'तिसऱ्यांदा का गेलीस?' त्या आयसीला आम्ही दोघं दीड तास बसलो. दुसऱ्या वर्षीच्या फॉर्मवर तिने एमपीएसडब्ल्यू लिहिलं. हा सल्ला मी दिला नाही, पण तो तास नसता तर तिने ते लिहिलं नसतं.

या वाटेवर पुढे एक कुलूप आहे आणि ते मुलांना दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने 'मनोविकार समाजकार्यकर्ता' कोण, याची व्याख्या केली : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकार समाजकार्यातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. म्हणजे नुसत्या एमएसडब्ल्यूवर हे नाव लावता येत नाही. आणि २०२२ च्या अखेरीस अनुदान आयोगाने नव्या नियमावलीत एमफिल ही पदवीच बंद केली! कायदा एमफिल मागतो आणि आयोग ते बंद करतो. अखेर २०२४ च्या जानेवारीत चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती एमफिलला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. दरम्यान २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांनाही आपल्या यादीत घेतलं. तरीही संपूर्ण समाजकार्यासाठी डॉक्टर-वकिलांसारखी वैधानिक परिषद देशात नाही. नव्वदच्या दशकापासून विधेयकांचे मसुदे झाले, कायदा झाला नाही. परिषद नसल्यामुळे 'फील्डवर्क किती तास' याला राज्यभर एकच बांधील उत्तरही नाही.

आणि नेमका तोच प्रश्न २०२३-२४ पासून टोकाला आला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने पदव्युत्तर पदवीचा जो साचा दिला, त्यात दोन वर्षांत ८८ क्रेडिट, दर सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती ४ क्रेडिट, दुसऱ्यात ऑन द जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४, तिसऱ्यात आणि चौथ्यात संशोधन प्रकल्प. सगळ्या विद्याशाखांसाठी साचा एक. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयुष्यात पहिल्यांदा कारखाना दिसावा म्हणून 'ओजेटी' आणली, ते चांगलंच. पण समाजकार्यात प्रत्यक्ष काम दर सत्राला, दर आठवड्याला दोन दिवस असतं. पंधरा तासांचा आठवडा आणि पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर २२५ तास. साच्यात प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिटचे १२०. हा फरक भरून काढायला कुणी फील्डवर्क मुख्य विषयाच्या क्रेडिटांत बसवलं, कुणी ओजेटीलाच फील्डवर्क म्हटलं. ब्लॉक प्लेसमेंट (एका संस्थेत सलग काही दिवस काम) आणि ग्रामीण शिबिर कुठल्या रकान्यात टाकायचं, यावर अभ्यास मंडळांच्या बैठका रंगल्या. आयसीचा मात्र कुठल्याच रकान्यात उल्लेख आला नाही. क्रेडिट मोजताना विद्यार्थ्याचा तास धरला जातो, त्याच्यासमोर बसलेल्या शिक्षकाचा नाही.

पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट याच साच्यातली. घरची अडचण आलेल्या मुलाचं वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू योग्य आहे. पण सरकारी जाहिरातीत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागितली असेल तर ही पदविका तिथे चालणार नाही, आणि शाखा दुसऱ्या वर्षी सुरू होत असेल तर पदविकावाल्याकडे शाखाही नसते. प्रवेश घेतानाच मुलांना हे सांगायला हवं. मी दरवर्षी पहिल्या जीसीत सांगतो.

पुढची गाठ जवळच आहे. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत चार वर्षांची ऑनर्स पदवी २०२३-२४ ला सुरू झाली, संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ ला. म्हणजे २०२७ पासून चार वर्षं पूर्ण केलेली मुलं एका वर्षाच्या एमएसडब्ल्यूसाठी पात्र ठरतील. त्यांच्यासाठी सामायिक पहिलं वर्षच नसेल. शाखेचा फॉर्म प्रवेशाच्या दिवशीच भरावा लागेल, पहिल्या आयसीच्या आधी. आधीच्या चार वर्षांत त्यांनी कुठे, किती आणि कुणाच्या देखरेखीखाली फील्डवर्क केलं, हे त्या दिवशी कोण तपासणार आणि त्यांच्याशी बोलायला कोण बसणार, हे अभ्यास मंडळांनी २०२७ च्या जूनआधी ठरवायचं आहे.