वसमतची हळद स्वतःच्या नावानं न्हावा-शेव्यातून पाठवायची? आधी आयईसी काढा

वसमतची हळद सांगली-मुंबईच्या निर्यातदारांना विकून मोकळं व्हायचं असेल, तर यातलं काहीच लागत नाही. पण बिल स्वतःच्या नावानं फाडून कंटेनर न्हावा-शेव्याच्या बंदरातून रवाना करायचा असेल, तर पहिला कागद आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड.

पात्रतेची अट फारशी नाही. पॅन आणि बँक खातं हवं. एकट्याची फर्म, भागीदारी, शेतकरी उत्पादक कंपनी, कुणालाही मिळतो. शिक्षण किंवा उलाढाल कुणी विचारत नाही. अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर, फी ५०० रुपये. आधारला मोबाइल जोडलेला असला की ओटीपीवर सही होते, त्यामुळे एजंटाच्या हातावर हजारो ठेवायची गरज नाही. मिळणारा कोड म्हणजे तुमचा पॅन नंबरच.

कागद मोजके: पत्त्याचा पुरावा (वीजबिल, भाडेकरार किंवा खरेदीखत) आणि छापील नावाचा रद्द केलेला चेक. गाडी अडते ती नावापाशी. पॅनवर ‘शिवाजीराव’, आधारवर नुसतं ‘शिवाजी’, आणि चेकवर फर्मचं नाव निम्मंच. हे आधी जुळवून घ्या, मगच फी भरा. वीजबिल वडिलांच्या नावावर असणं आपल्याकडे घरोघरी. त्यांचं ना-हरकत पत्र जोडलं की भागतं.

दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते, काही बदललं नसलं तरी. विसरलात की कोड बंद, आणि ते नेमकं माल निघताना कळतं.

आयईसी हातात आला म्हणजे झालं असं नाही. हळदीला मसाले मंडळाची निर्यातदार नोंदणी लागते. मोसंबी किंवा केशर आंबा असेल तर अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेची. शिवाय बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकशाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन ते सीमाशुल्काच्या आइसगेट या संकेतस्थळावर नोंदवायचं. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम बहुतेक होत नाही, तेव्हा मोठ्या शहरातल्या कोणत्या शाखेतून पत्र मिळेल ते खातं उघडतानाच विचारा. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, आधी भरून ठेवा.

शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्काकडे द्यायचा कागद) सीएचए, म्हणजे सीमाशुल्काचं काम करून देणारा दलाल, भरेल. पण १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, आणि त्या वजनात हळदीसोबत पोती, लाकडी पॅलेट आणि रिकामा कंटेनरही धरतात.