निळा डाग आणि जंत : ब्रिजेट ओगिल्वी यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

जंत झालेल्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होते. पण जंत शरीराबाहेर पडतो तो त्यांच्यामुळेच का, याचे उत्तर नव्हते. जिवाणूला पांढरी पेशी गिळते. डोळ्यांना दिसणारा किडा ती गिळणार कशी?

ऑस्ट्रेलियातून केंब्रिजला येऊन पीएच.डी. केलेल्या ब्रिजेट ओगिल्वी लंडनच्या मिल हिल इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये या प्रश्नामागे लागल्या. त्यांनी निवडलेला निप्पोस्ट्राँगिलस ब्राझिलिएन्सिस हा जंत कामाला सोयीचा. बाधित उंदराची विष्ठा कोळशाच्या भुकटीत कालवून ओलसर फिल्टर पेपरवर आठवडाभर ठेवली की बाधा करू शकणाऱ्या अळ्या मिळतात. मिश्रण चिखलासारखे झाले तर बुरशी धरते आणि प्राणवायू कमी पडतो. सुकले तर अळ्या मरतात. कातडीखाली टोचलेल्या अळ्या फुफ्फुसात जातात, खोकल्यातून घशात येऊन गिळल्या जातात आणि लहान आतड्यात प्रौढ होतात. सुमारे दोन आठवड्यांत उंदीर बहुतेक जंत बाहेर टाकतो. पुन्हा बाधा झाली, तर त्याहून लवकर.

१९६४ मध्ये ओगिल्वी यांनी दाखवले की जंतांना पुरून उरलेल्या प्राण्यांच्या रक्तात अ‍ॅलर्जीच्या रुग्णांत असतात तशी प्रतिपिंडे (परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारी संरक्षक प्रथिने) असतात. पद्धत अशी : अशा उंदराचे थोडे सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) निरोगी उंदराच्या कातडीत टोचायचे, ७२ तास थांबायचे, मग जंताचे प्रथिन आणि इव्हान्स ब्लू रंग शिरेतून द्यायचा. प्रतिपिंड असेल तिथे रक्तवाहिन्यांतून रंग झिरपतो, म्हणून अर्ध्या तासाने कातडी सोलून आतल्या बाजूने निळा डाग मोजायचा. ही ७२ तासांची वाट महत्त्वाची. तेवढ्यात इतर प्रतिपिंडे टोचल्या जागेवरून निघून जातात, अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या मास्ट पेशींना घट्ट चिकटलेली तेवढी उरतात. घाई केली तर दोन्हींचा डाग एकत्र येतो आणि निष्कर्ष चुकतो. खात्रीसाठी तेच सीरम काही तास ५६ अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा टोचतात. या जातीचे प्रतिपिंड उष्णतेने निकामी होते, म्हणून डाग उठला नाही, तर प्रतिपिंड याच जातीचे. इशिझाका दांपत्याने ते १९६६ मध्ये वेगळे ओळखले आणि १९६८ मध्ये त्याचे आयजीई असे नामकरण झाले.

पण ते रक्तात असणे वेगळे आणि त्याने जंत जाणे वेगळे. ओगिल्वी यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या इथे थांबल्या नाहीत. जंत एका उंदरातून काढून शस्त्रक्रियेने दुसऱ्याच्या आतड्यात ठेवण्याच्या प्रयोगांतून १९७३ पर्यंत दोन टप्प्यांचे चित्र उभे राहिले : आधी प्रतिपिंडे जंताला इजा करतात, मग लसिका पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) मदतीने तो बाहेर ढकलला जातो. पेशींवाचून काम पुरे होत नाही.

हा दुसरा टप्पा उलगडायला बराच काळ लागला. १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी मदतनीस टी पेशींचे, म्हणजे इतर संरक्षक पेशींना इशारे देणाऱ्या लसिका पेशींचे, दोन प्रकार दाखवले. १९८९ मध्ये इंटरल्युकिन-५ हे पेशींमधले निरोप्या प्रथिन अडवून छोट्या उंदरांतली (माईस) इओसिनोफिल वाढ रोखली, तरी आयजीई वाढायचे थांबले नाही; या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दोऱ्यांनी चालतात, हे त्यावरून कळले. १९९८ मध्ये इंटरल्युकिन-१३ हे तसेच दुसरे प्रथिन आणि त्याचा निरोप पेशीच्या आत पोचवणारे स्टॅट-६ यांच्यावाचून निप्पोस्ट्राँगिलस आतड्यातून निघत नाही, हे सिद्ध झाले. ही यंत्रणा आतड्यातला श्लेष्मा (चिकट स्राव) वाढवते आणि आतड्याची हालचालही. तिची पहिली घंटा आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशी वाजवतात, हे २०१६ मध्ये कळले.

लस बनवणाऱ्यांना आयजीई नंतर भलत्याच बाजूने भेटले. आकडेकृमी (हुकवर्म) या जंताच्या अळीतल्या ‘एएसपी-२’ प्रथिनाची लस ब्राझीलमध्ये आकडेकृमीच्या पट्ट्यातल्या प्रौढांना दिली, तेव्हा काहींच्या अंगावर लगेच पित्त उठले. आधीच्या बाधेमुळे त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धचे आयजीई होतेच. चाचणी थांबवावी लागली. पुढच्या लशींसाठी प्रौढ जंताच्या आतड्यातली, शरीराच्या नजरेत सहसा न येणारी प्रथिने निवडली गेली, आणि त्या भागातल्या लोकांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध आयजीई आहे का, हे लस टोचण्याआधी तपासले जाऊ लागले.